मधला शब्द

अण्णांचे बाकीचे सगळे शब्द गेले आणि दोनच मागे राहिले. एक 'घाण' आणि दुसरा 'नको'.

ज्या माणसाने जन्मभर प्राथमिक शाळेत भाषा शिकवली, फळ्यावर खडूने वाक्य लिहून "यातलं क्रियापद कुठं लपलंय, शोधा बरं" असं वर्गभर हिंडत विचारलं, त्याच्या वाट्याला नेमके हेच दोन शब्द का यावेत, ते कुणालाच सांगता आलं नसतं. डोक्यातली एक नस फुटली, उजवं अंग लुळं पडलं, आणि शब्द सांडून गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, फक्त बोलायचं असतं ते जिभेपर्यंत येत नाही. थोरल्या लेकीला तेव्हा तो दिलासा वाटला. पुढे पुढे तिला वाटू लागलं की कळत नसतं तर बरं झालं असतं.

'घाण' म्हणजे अंथरूण ओलं झालं. हे तिला पहिल्या आठवड्यातच समजलं. अण्णा डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणायचे, "घाण." मग ती गरम पाणी, फडकं आणि धुतलेली चादर घेऊन यायची. चादर ओढायला लागली की त्यांचा चांगला डावा हात तिचं मनगट धरायचा. "नको. नको." लेकीने बापाला असं धुवावं याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत असे. पण ते 'नको' ऐकत बसली असती तर ते दिवसभर ओल्यातच पडून राहिले असते. म्हणून थोरलीने त्या शब्दाकडे कानाडोळा करायची सवय लावून घेतली. "हो हो अण्णा, झालंच," असं म्हणत ती आपलं काम उरकायची. घरात जंतुनाशकाचा वास कायम भरून राहिलेला असे आणि तिच्या बोटांची कातडी सोलवटली होती.

त्या खोलीत एकच गोष्ट अण्णांना बांधून ठेवत होती. भिंतीच्या कडेने, माणूस आडवा झोपेल एवढी लांब काचेची टाकी, आणि तिच्यात पाच सोनमासे. सोनमासे म्हटल्यावर वाडग्यात फिरणारी बोटभर पोरं डोळ्यांपुढे येतात. हे तसे नव्हते. वर्षानुवर्षं खाऊन-पिऊन पंजाएवढे झालेले, जडशीळ, आपापल्या तोऱ्यातले मासे. सगळ्यांच्या पुढे चालणारा 'मुकादम'. पोट सुटलेली 'जाडी'. एकमेकांना सोडून न राहणारे 'जुळे'. आणि लहानपणीच शेपटीचा तुकडा गमावलेली 'तुटकी'. ही नावं गल्लीतल्या मुलांनी ठेवली होती. कितीतरी वर्षांपासून संध्याकाळी मुलं येऊन टाकीपुढे बसायची आणि अण्णा त्यांना मासा झोपतो कसा, पाण्यातली हवा कुठून येते, असलं काहीबाही शिकवत बसायचे. थोरली तेव्हा आतून ओरडायची, "अण्णा, ओल्या हातांनी दाराला हात लावू नका!" त्या हिरवट पाण्याची तिला किळस होती. जवळ बसून ऐकावं असं तिला कधी वाटलं नाही.

दुखणं आल्यावर खाट टाकीशेजारी आणली. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांचा चेहरा हलतो तो फक्त इथंच. ही टाकी काही झालं तरी हलवू नका." मुकादम काचेशी आला की अण्णांचे ओठ काहीतरी करू लागत. शब्द निघत नसे, पण ओठ हलत. थोरली कामं टाकून ते बघत उभी राहायची. एखादे दिवशी तिसरा शब्द निघेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

आणि अशातच फिल्टर बिघडला.

फिल्टर म्हणजे टाकीची मोरी आणि फुप्फुस दोन्ही. पंप पाणी ओढतो, ते स्पंजातून आणि भाजलेल्या मातीच्या बारक्या नळ्यांमधून जातं, आणि परत टाकीत पडतं. अण्णांच्या फिल्टरचा पंप म्हातारा झाला होता. आधी गुरगुरला, मग खरखरला, आणि एका सकाळी मध्येच बंद पडू लागला. बंद पडला की टपली मारायची, मग तो कण्हत कण्हत चालू व्हायचा. अण्णांची नजर माशांवरून उडाली आणि त्या डब्यावर खिळली.

थोरलीने दुसऱ्या गावातल्या धाकट्या भावाला फोन केला.

"ताई, एक बोलू?" धाकटा म्हणाला.

"नको म्हटलं तर थांबणार आहेस का?"

"देऊन टाक ते मासे कुणाला तरी. अण्णांचं करता करता तुझ्या नाकीनऊ आलेत, त्यात आणखी पाच जणांची मोरी साफ करणार तू?"

"तू येऊन कर मग."

"आलो असतो गं, पण..."

"तुझं 'पण' पाठ झालंय मला. त्या 'पण'च्या पुढं कधी काही आलेलं नाही."

धाकटा हसला. तीही हसली. तो म्हणाला ते खोटं नव्हतं. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. पण टाकी गेली तर अण्णा भिंतीकडे तोंड करतील आणि मग परत वळणार नाहीत, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

माशांच्या दुकानाचा मालक अण्णांचाच जुना विद्यार्थी. दुकानात सतत बुडबुड आवाज, म्हणून गल्ली त्याला 'बुडबुडे' म्हणे, आणि तोही त्या नावाला ओ देई. दुकानात पाय ठेवताच दमट उबदार वास नाकात शिरला. भिंतींवर हिरव्या-निळ्या उजेडाच्या पेट्या, खाली ओल्या फरशीवर नळ्यांची भेंडोळी.

"सर कसे आहेत?"

"आहेत."

बुडबुडे मागे वळला. फडताळावरून त्याने एकेक वस्तू खाली काढली. "हा पाठीवरचा. टाकीच्या मागच्या काचेला अडकवायचा. सोपा, पण तुमच्या टाकीला म्हणजे हत्तीला टोपडं. दुसरा प्रकार, खाली कपाटात आणखी एक टाकी ठेवायची, वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळून वर जातं. उत्तम काम. पण पाण्याचा आवाज येतो आणि लक्ष ठेवावं लागतं. आणि हा डबा फिल्टर. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवला की आवाज नाही, ठिबकणं नाही. आत थर असतात, खाली जाड स्पंज, वर बारीक, त्याच्यावर नळ्या."

"यातला कमीत कमी वेळा साफ करावा लागतो तो कुठला?"

"प्रश्न जरा उलटा झाला, ताई. आधी मासे किती नि केवढे ते बघायचं. सोनमासा म्हणजे खादाड, खातो तेवढं बाहेर टाकतो, आणि बिचाऱ्याला जायला दुसरी जागा नाही. जिथं जगायचं तिथंच सगळं. म्हणून..."

"म्हणूनच विचारतेय," थोरलीचा आवाज एकाएकी चिरकला. "दिवसभर मी तेच करतेय हो. तेच. मला असं एक तरी काहीतरी द्या, जे आपली घाण आपण बघेल."

बुडबुड्याने खाली बघत डबा फिल्टरवरची धूळ बाहीने पुसली. "हा मोठा न्या," तो म्हणाला. "महिनोन्‌महिने उघडावा लागत नाही."

निवड चुकली नव्हती, एवढं इथं सांगून ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः येऊन डब्याच्या रबरी नळ्या टाकीला जोडून गेला. पंप लावून पाहिला, गळत नाही ना ते तपासलं. तेवढ्यात दुकानातून फोन आला, माल आलाय म्हणून. जाता जाता दारातून तो म्हणाला, "जुन्यातला स्पंज आणि मातीच्या नळ्या या डब्यात भरा, आणि चालू करा. फार वेळ बंद ठेवू नका."

"भरते," थोरली म्हणाली.

जुना फिल्टर उघडला तेव्हा तिला ओकारीच आली. स्पंज काळपट तपकिरी, गिळगिळीत, चिखलात बुडवून काढल्यासारखा. नळ्यांवर चिकट साय. आणि हे नव्या, लख्ख डब्यात भरायचं? अंगणातल्या मोरीशी न्यायला म्हणून तिने ते सगळं बादलीत घेतलं आणि अण्णांच्या खाटेजवळून जाऊ लागली.

डाव्या हाताने अण्णांनी तिचं मनगट धरलं.

"घाण," ते म्हणाले.

तिने सवयीने चादरीखाली हात घालून पाहिलं. कोरडी होती. अण्णांनी मान हलवली, बादलीकडे बघितलं. "घाण."

"हो ना अण्णा, केवढी घाण! धुऊन आणते."

"घाण..." त्यांचा ओठ थरथरला. मध्ये काहीतरी अडकलं होतं. गळ्याची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला, आणि शेवटी तो अडथळा ओलांडून दुसराच शब्द बाहेर पडला. "नको."

"घाण नको. बरोबर. म्हणून तर धुतेय."

"नको! नको!" पकड एवढी घट्ट झाली की तिच्या सोललेल्या बोटांत कळ गेली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण रोज चादर ओढतानाही त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. तिने रोजच्यासारखीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली, आणि रोजच्यासारखंच म्हणाली, "हो हो अण्णा, झालंच."

मग तिने मोरीवर बसून तो स्पंज उकळत्या पाण्यात घातला, पिळला, पुन्हा घातला. पांढरा होईपर्यंत. नळ्या ब्रशने घासल्या. चादरी धुताना हात जसे चालतात तसेच ते चालत होते, मन कुठे लागत नव्हतं. हात लागलाच आहे तर म्हणून टाकीतलं बरंचसं पाणी बदललं, तळाची खडी उपसून धुतली, काचा पुसल्या. काम आवडीने करावं असं तिला त्या दिवशी फार दिवसांनी वाटलं.

डबा चालू झाला. आवाज नाही. पाणी असं निवळलं की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अगंबाई, आरसाच केलास की!" थोरलीने फोटो काढून धाकट्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मोरीवाल्या बाईंचा विजय असो." ती हसली. अण्णा टाकीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत नव्हते.

काही दिवस तसेच गेले. मग पाणी पिठूळ झालं. कुणीतरी कणीक कालवून टाकावी तसं. मुकादम पुढे चालेना. पाचही जण पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंड उघडमिट करू लागले, बोलायचं असावं पण आवाज निघत नसावा, तसे. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते.

घाण झाली असेल, थोरलीला वाटलं. तिने डबा उघडला आणि पुन्हा सगळं धुतलं.

पहिला मेला जुळ्यांतला एक. दुसरा त्याच्यामागोमाग गेला. जाडी पोट वर करून काचेला लागून राहिली तेव्हा थोरलीने खाट दुसऱ्या बाजूला वळवायला घेतली, तशी अण्णांनी खाटेची पट्टी धरून ठेवली. मग मुकादम. तो शेवटपर्यंत अण्णांच्या बाजूच्या काचेशी होता. दुपारी थोरली औषध घेऊन आली तेव्हा तो तळाशी आडवा पडला होता, आणि अण्णा त्याच्याकडे बघत होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. त्यांनी तिला हाक मारायचा प्रयत्न केला होता की नाही, तेही तिला कळायला मार्ग नव्हता.

तिने बुडबुड्याला बोलावलं. खरं म्हणजे ते आधीच सुचायला हवं होतं, पण आपण इतकं स्वच्छ ठेवलेलं असताना विचारायचं तरी काय, असं तिला वाटत राहिलं होतं.

तो आला, टाकीशी वाकला, वास घेतला. डबा उघडला. शुभ्र स्पंज हातात घेऊन तो जागच्या जागी थांबला.

"ताई, हा धुतलात?"

"दोनदा. उकळत्या पाण्यातून काढलाय."

खाटेकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला. "माशांच्या मुताचं विष होतं पाण्यात. ते खाऊन टाकणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते या घाणीत राहतात. म्हणून तर जुना स्पंज नव्यात घालायचा. घाण म्हणजेच फिल्टर, ताई. बाकी सगळा नुसता डबा."

"तुम्ही नाही बोललात."

"नाही बोललो." त्याने मान खाली घातली. "मला हे सरांनी शिकवलंय. मी एवढासा असताना, याच टाकीपुढे बसवून. माझी वही फाडून त्याचा स्पंज केला होता समजावायला. तुम्ही त्यांच्या पोटच्या. मला वाटलं, तुम्हाला काय सांगायचं."

थोरली शुभ्र स्पंजाकडे बघत होती. ती खाटेकडे बघतही नव्हती. अण्णांना सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. घाण... नको. घाण धुवायला नको. मधला एवढासा शब्द त्यांना सापडला नव्हता, आणि तिने आपल्या मनाने तो वाक्यातून काढूनच टाकला होता. जन्मभर लोकांच्या पोरांना क्रियापद शोधायला शिकवणाऱ्या माणसाचं वाक्य त्याच्या स्वतःच्या लेकीने चुकीचं वाचलं होतं.

बुडबुडे धावत दुकानात गेला आणि स्वतःच्या एका टाकीतला काळाकुट्ट स्पंज ओल्या पिशवीत घालून घेऊन आला. थोरलीने तो दोन्ही हातांत घेतला, न धुता, न पिळता. त्याच्या गिळगिळीतपणाने तिला काहीच झालं नाही. रोज थोडं थोडं पाणी बदला, त्याने सांगितलं, सगळं एकदम नाही. तिने तसं केलं. डोळ्यांत तेल घालून केलं. तुटकी वाचली. का वाचली ते सांगता येत नाही.

पण अण्णांनी बोलणं सोडलं. तिसरा शब्द राहिला दूर, होते तेही दोन गेले. अंथरूण ओलं झालं तरी ते आता सांगत नसत. थोरलीला दिवसातून कितीदा तरी चादरीखाली हात घालून बघावं लागे, आणि ती चादर ओढायची तेव्हा त्यांचा डावा हात नुसता पडून असे. मनगट कोणी धरत नव्हतं. काम लवकर होत होतं. बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या, बराच वेळ बसल्या, आणि जाताना दारात थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मग एका दुपारी डबा उघडायची वेळ आली. पाण्याची धार मंदावली होती. थोरलीने बादली मोरीवर नेली नाही. टाकीतलंच पाणी काढून तिने बादली खाटेशेजारी ठेवली, अण्णांना उशीला टेकवून बसवलं आणि त्यांच्यासमोर स्पंज पाण्यात हलकेच एकदा दाबला. तपकिरी ढग निघाला. अजून एकदा दाबला आणि थांबली.

"बस ना अण्णा? एवढंच? बाकीची घाण राहू दे?"

अण्णांनी बादलीत बघितलं. मग टाकीकडे. एवढ्या लांबलचक पाण्यात तुटकी एकटीच इकडून तिकडे जात होती. अण्णांचा ओठ हलला.

"नको," ते म्हणाले.

थोरलीच्या जिवात जीव आला. तिच्या तोंडावर 'हो हो, झालंच' आलं होतं, ते तिने गिळलं. ओले हात तसेच मांडीवर ठेवून ती त्यांच्यापुढे बसली.

"काय नको, अण्णा?"

ते बघत राहिले.

"दाबायला नको?" तिने विचारलं. ते ज्या संथपणाने पहिलीतल्या मुलांना विचारत, तसंच. "परत बसवायला नको?"

मान हलली नाही.

"दुसरे मासे आणायला नको?"

अण्णांच्या डोळ्यांच्या कडा भरल्या. पण ते 'हो' नव्हतं, 'नाही'ही नव्हतं. डावा हात चादरीवरून थोडा सरकला आणि तिच्या मनगटाशी आला. धरलं नाही, नुसता टेकला. त्यांची नजर टाकीवरून निघाली, स्वतःच्या लुळ्या पायांवरून फिरली, उशाशी ठेवलेल्या धुतलेल्या चादरीवर थांबली आणि तिच्या तोंडावर आली.

"नको," ते पुन्हा म्हणाले. अगदी शांतपणे.

आणखी एक क्रियापद होतं. माशांचं नाही, त्यांच्या स्वतःच्या जगण्याचं. ते तिच्या जिभेवर येऊन थांबलं. आता तिला वाक्य नीट वाचता येत होतं, आणि ते वाचता आलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने तो शब्द उच्चारला नाही.

स्पंज बादलीत पडून होता. त्यातल्या जिवांना फार वेळ बाहेर ठेवायचं नसतं, एवढं तिला आता माहीत होतं. तरी ती उठली नाही. मनगटावरचा हात तसाच राहू देऊन ती बसून राहिली, आणि काचेपलीकडून तुटकी या टोकाला आली, थोडी थांबली, वळली, आणि पुन्हा त्या टोकाला गेली.